एकोणपन्नास अंश, बारा मिनिटं

१२ ऑक्टोबर २०१७, गुरुवार

डहाणू रोडच्या पार्सल ऑफिसात तीस वर्षं दुसऱ्यांच्या मालाच्या नोंदी केल्या. आज पहिल्यांदा स्वतःच्या मालाची नोंद करतो आहे, आणि ती माल परत आल्याची आहे.

नविनभाई सकाळी टेम्पो घेऊन स्वतः घोलवडला आले. वापी-दमणच्या हॉटेलांना फुलं पुरवणारा हा माणूस. आमच्या चिकूच्या सावलीत लावलेली लाल जिंजर आणि हेलिकोनिया ही शोभेची फुलं गेल्या वर्षापासून तेच नेतात. त्यांनी सगळे खोके ओट्यावर उतरवून ठेवले.

"सूर्यकांतभाई, फूल तुमचा एक नंबर. पण अंदर जनावर आहे."

दमणच्या एका हॉटेलात स्वागताच्या टेबलावर जिंजर ठेवली होती. तासाभरात तिच्यातून मुंग्या आणि पिठ्या ढेकूण पांढऱ्या कापडावर उतरले. नविनभाई ओरडले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू होईल, तोवर साफ माल देता आला तर बघू, नाहीतर केरळहून मागवतो, एवढंच म्हणाले.

ते गेल्यावर एक फूल सोलून पाहिलं. बाहेरून मेणासारखं स्वच्छ. आत प्रत्येक पाकळीच्या बुडाशी कापसाचा कण चिकटावा तसा पिठ्या बसलेला. बागेत फवारलेलं औषध तिथवर पोचतच नाही.

सुदर्शनला कळवलं नाही. आमच्या चिरंजीवांचं म्हणणं ठरलेलं आहे, बाग भाड्याने द्या आणि पुण्याला या. या सीझनला फुलं नीट गेली नाहीत तर पुढच्या पावसाळ्याआधी येऊ, असा शब्द मी त्याला जूनमध्ये देऊन बसलो आहे. बायकोला, सरलाला, हे मान्य होतं. म्हणजे ती त्यावर काही बोलली नव्हती.

१६ ऑक्टोबर, सोमवार

कोसबाडच्या शेतकी केंद्रात फुलांच्या प्रशिक्षणाला जाऊन आलो. अदिती नावाच्या एक तरुण मॅडम शिकवत होत्या. चहाच्या वेळी त्यांच्यापुढे माझं सोललेलं फूल धरलं.

त्यांनी जे सांगितलं ते इथे लिहून ठेवतो. जिंजर कापली की गरम पाण्यात बुडवायची. पाणी एकोणपन्नास अंश, वेळ बारा मिनिटं. लगेच गार पाण्यात काढायची. पाणी तीन-चार अंश कमी पडलं तर किडे जगतात, तीन-चार अंश जास्त झालं तर पाकळी भाजून काळी पडते. नंतर दर खोक्यातली पाच फुलं पांढऱ्या कागदावर झटकायची आणि जिवंत किडे मोजायचे. "मोजणी प्रामाणिक हवी काका, बाकी सगळं सोपं आहे," म्हणाल्या. हेलिकोनियाला साबणाच्या पाण्याने ब्रशने धुतलं तरी चालतं.

येताना दूधवाल्यांकडे असतं तसलं काचेचं थर्मामीटर आणलं.

२३ ऑक्टोबर, सोमवार

पहिला प्रयोग. कामं वाटून टाकली आहेत. कापणी आणि खोके माझ्याकडे. चूल आणि टबात फुलं बुडवणं जिवलीकडे. जिवली आमच्या बागेत सात वर्षं आहे, पलीकडच्या पाड्यावर राहते. चिकू काढण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. अक्षरओळख मात्र नाही. म्हणून थर्मामीटर आणि मोजणी सरलाकडे दिली. चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत वह्या तपासलेली बाई, वेलांटी चुकली तरी तिच्या नजरेतून सुटत नसे.

सरला आधी नको म्हणाली. मी म्हटलं, तुझ्याशिवाय कोणावर विश्वास ठेवू? मग तयार झाली.

पाच फुलांमागे जिवंत सात, मेलेले बरेच. बुडवण्याआधी जिवंत साठच्या वर होते.

३ नोव्हेंबर, शुक्रवार

आज जिवंत दोन. सरलाने टेबल दारापाशी ओढून घेतलं आहे, आत उजेड पुरत नाही म्हणते. काल बागेतल्या पाइपला अडखळून पडता पडता वाचली. पाइप वाटेत टाकल्याबद्दल जिवलीला बोललो. तो रोज तिथेच असतो असं ती म्हणाली, पण उलट उत्तर देण्याची तिची सवयच आहे.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

शून्य.

लागोपाठ तीन दिवस शून्य. नविनभाईंचा फोन आला, दमणवाला खूश आहे, आता दर आठवड्याला एका लग्नाची सजावट आपल्याच फुलांची. मी सरलाला म्हटलं, तू नसतीस तर हे जमलं नसतं. ती म्हणाली, "जिवलीला म्हणा." तिचा स्वभावच तसा.

जिवलीबद्दल मात्र एक तक्रार आहे. मोजणीच्या वेळी ती सरलाला खेटून बसते आणि तिचा हात हातात घेऊन ठेवते. चूल सोडून गप्पा कसल्या? पण माल साफ निघतो आहे तोवर मी बोलणार नाही.

२० नोव्हेंबर, सोमवार

सरलाने पेपर वाचणं सोडलं आहे. त्यात वाचण्यासारखं काही नसतं म्हणते. खरं आहे ते. दुपारी मी मोठ्याने वाचतो, ती ऐकते. लग्नानंतर सुरुवातीला असंच करत असू. सीझनच्या धावपळीत हा एक निवांत तास बरा वाटतो.

२७ नोव्हेंबर, सोमवार

आज थर्मामीटर धुताना त्याच्या मधोमध काळा दोरा गुंडाळलेला दिसला. घट्ट गाठी मारलेला. जिवलीने नजर लागू नये म्हणून बांधला असणार. अशा गोष्टींना माझी हरकत नाही, पण दोऱ्याखालचा आकडा झाकला जात होता. कापून टाकला आणि काच स्वच्छ पुसली.

५ डिसेंबर, मंगळवार

वादळाचा पाऊस. चिंचणीच्या होड्या कालपासून किनाऱ्यावर आहेत म्हणे. ऐन डिसेंबरात बाग चिखल झाली. ओल्या लाकडांनी चूल धुमसत होती, तरी काल माल काढला. सरलाने शून्य सांगितलं आणि खोके गेले.

९ डिसेंबर, शनिवार

वापीच्या लग्नात वधूच्या खुर्चीमागच्या कमानीतून पिठ्या ढेकूण खाली पडले. नविनभाई फोनवर एवढंच म्हणाले, "सूर्यकांतभाई, झीरो बोलले होते ना तुम्ही?"

आणि आजचा माल उलटा. सगळ्या पाकळ्यांच्या कडा काळ्या. एका आठवड्यात एकदा पाणी गार, एकदा उकळतं. थर्मामीटर बिघडलं असेल म्हणून अदिती मॅडमकडे नेऊन त्यांच्या थर्मामीटरशी ताडून पाहिलं. अर्ध्या अंशाचाही फरक नाही.

मग राहिली चूल.

११ डिसेंबर, सोमवार

जिवलीला बोललो. चिकू काढायला आलेल्या चार बायांसमोर बोललो, हे लिहायला हवं. तुझं लक्ष नसतं, चुलीपुढे बसून गप्पा मारतेस, आळशीपणामुळे माझा सीझन घालवलास. असंच सगळं.

नेहमी उलट बोलणारी बाई आज एक शब्द बोलली नाही. सरलाकडे बघत उभी राहिली. सरला उठली आणि भिंतीला हात लावत आत गेली. जिवलीने टबातलं पाणी झाडांना ओतलं, टब पालथा घातला आणि निघून गेली.

मला वाटलं होतं, बोलल्यावर मोकळं वाटेल.

१४ डिसेंबर, गुरुवार

जिवली तीन दिवस आली नाही. सरला रोज म्हणते, तिला बोलावून आणा. मी म्हटलं, चूक तिची, तिने यावं. सरला म्हणाली, "तिच्याशिवाय मी मोजायला बसणार नाही." बायकांचा एकमेकींवर जीव बसला की न्याय-अन्याय दिसत नाही.

नाहीतरी उद्यापासून कमुरता, लग्नाला वर्ज्य महिना. गुजराती लग्नं आता उत्तरायणानंतरच. पण वापीच्या एका हॉटेलाने नाताळासाठी थोडी जिंजर मागितली आहे. नविनभाईंनी माझ्याकडूनच घ्यायचं ठरवलं. "छेल्ला चान्स", शेवटची संधी, म्हणाले. मोठ्या मनाचा माणूस.

२० डिसेंबर, बुधवार

आजचं सगळं क्रमाने लिहितो.

चूल आणि थर्मामीटर दोन्ही मीच सांभाळलं. मोजणीला सरलाला खूप आग्रह करून बसवलं. पाच फुलं तिच्यासमोर कागदावर झटकली. ती मान एका बाजूला कलती करून बराच वेळ पाहत राहिली.

"किती?"

"एकही नाही."

तिच्या अंगठ्याशेजारून एक पिठ्या चालत होता. चांगला मोठा, भाताच्या शितासारखा. आणखी दोन कागदाच्या मधोमध होते.

तो कागद काढला. कपाटातून कोरा कागद घेतला आणि तिच्यासमोर ठेवला. त्यावर काहीही झटकलं नव्हतं.

"आणि यावर?"

ती वाकली. मग हाताच्या कडेने कागद झाडायला लागली. "यावर आहेत दोन-तीन. काळ्या आहेत, मुंग्या असतील. जातच नाहीत."

ती कोरा कागद झाडत राहिली. शेवटी मी तिचा हात धरला.

तिला कळलं. हात सोडवून न घेता म्हणाली, "कोरा आहे का?"

"कोरा आहे."

"कधी कधी धागे दिसतात, कधी ठिपके. आणि मधोमध धुकं. समोरच्या माणसाचं तोंडच दिसत नाही, कान दिसतात."

"कधीपासून?"

"गणपतीपासून. दिवाळीनंतर वाढलं."

तिला बारा वर्षांपासून साखर आहे. गोळ्या मीच आणून देतो. डोळे तपासून घे, हे मला कधी सुचलं नाही.

मी विचारलं, मग नोव्हेंबरातली शून्यं कोणी मोजली? ती म्हणाली, जिवलीने. दोघी मिळून मोजत. जिवली किडा पाहिला की सरलाच्या तळहातावर एक टिचकी मारी. सरला टिचक्या मोजून मला आकडा सांगे. थर्मामीटरचंही तसंच. सुरुवातीला, थोडं दिसत होतं तेव्हा, सरलाने एकोणपन्नासची रेघ जिवलीला दाखवून ठेवली होती. जिवलीने तिथे दोरा बांधला. पारा दोऱ्याला लागला की ती लाकूड बाहेर ओढायची.

"तो दोरा मी कापला," मी म्हणालो.

"गेल्याचं कळलं होतं, कोणी कापला ते नाही. नंतर पाण्यात हात घालून अंदाज करत होतो आम्ही."

"मला सांगायचं ना."

"काय सांगणार? की मला दिसत नाही? तुम्ही त्याच दिवशी सुदर्शनला फोन केला असता. इथे विहीर कुठे, पायरी कुठे, हे माझ्या पायांना ठाऊक आहे. पुण्याच्या आठव्या मजल्यावर मी आंधळी होऊन काय करू?"

मग तिने स्वतःच पुढचं सांगितलं, आणि ते सांगताना तिचा आवाज बदलला. वादळाच्या दिवशी जिवलीने नऊ टिचक्या मारल्या होत्या. मी त्या वेळी ओट्यावर नविनभाईंशी फोनवर बोलत होतो, माल निघाला म्हणून सांगत होतो, खुशीत होतो. सरलाने शून्य सांगितलं.

"नऊ असताना शून्य मी सांगितलं. आणि तुम्ही तिला बोललात तेव्हा मी आत निघून गेले. मुलांच्या हातावर छडी मारली होती मी खोटं बोलल्याबद्दल."

वापीचा माल पाठवला नाही. नविनभाईंना फोन करून नाही म्हणून सांगितलं. कारण विचारलं तेव्हा खरं कारण सांगितलं. ते म्हणाले, "वलसाडला आंखचा एक नंबर डॉक्टर आहे. माझ्या बाचा, आईचा, ऑपरेशन तिथेच केला. नंबर पाठवतो."

२१ डिसेंबर, गुरुवार

सकाळी जिवलीकडे गेलो. सात वर्षांत पहिल्यांदा तिच्या पाड्यावर गेलो. ती अंगणात वाल निवडत बसली होती. बस म्हणाली नाही, पण सूप बाजूला सारून जागा केली.

मी म्हटलं, मला सगळं कळलं. चूक माझी होती.

ती निवडत राहिली. मग म्हणाली, "शेठ, तू मना चोर बोलला असतास तर मी हसले असते. आळशी बोललास. आळशी मी नाय."

"नाहीस."

"चार बायांसमोर बोललास."

"त्यांच्यासमोर येऊन सांगतो."

मग मीच विचारलं, "तू खरं का नाही सांगितलंस त्या दिवशी?"

"बायने बोलू नको सांगितलं होतं. बायचं होतं ते. माझं नव्हतं सांगायचं."

मी दोऱ्याचं सांगितलं. ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली. "मना वाटलं उंदराने नेला." मग म्हणाली, "मी येते. पण दोरा नको आता. बायला सांग, मना आकडे शिकव. तिला दिसतं तवर."

परत येताना चिकूच्या झाडांवर बाया होत्या. खाली उभा राहून सांगितलं. वर पाहत, उन्हात डोळे मिचकावत. त्यांनी ऐकलं आणि काम चालू ठेवलं. एक जण वरूनच म्हणाली, "ठीक हाय, शेठ."

२८ डिसेंबर, गुरुवार

वलसाड. डॉक्टर तरुण आहेत, घाई करत नाहीत. साखरेमुळे डोळ्यांच्या पडद्याला सूज. उजव्या डोळ्यात इंजेक्शनांनी फरक पडेल. डाव्यात जे गेलं ते बहुधा परत येणार नाही. दोन वर्षांपूर्वी आला असतात तर, म्हणाले, आणि वाक्य पुरं केलं नाही.

मी कळवल्यावर सुदर्शन पुण्याहून थेट तिथे आला. माझ्यावर चिडला. बरोबर चिडला. मग आईजवळ बसून राहिला. डबा खाताना पुण्याचा विषय निघाला, तेव्हा सरलानेच त्याला सांगितलं, "इंजेक्शनं वलसाडलाच होऊ देत. घोलवडहून गाडीने जवळ पडतं. पावसाळ्यात बोलू." तो माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, मी दिलेला शब्द माझा होता, तिला न विचारता दिलेला. तिचं काय ते तिला विचार. हे मला जूनमध्ये सुचायला हवं होतं.

९ जानेवारी २०१८, मंगळवार

ओट्यावर शाळा भरते आहे. जिवली दुपारी जेवणानंतर अर्धा तास बसते. सरलाने आकडे मोठे काढायला कोळसा घेतला आहे, जमिनीवरच लिहिते. लिहिलेलं तिला पुसट दिसतं, पण हात चुकत नाही. चार आणि पाचात जिवलीचा गोंधळ होतो. सरला तिला ओरडते. जिवली उलट उत्तर देते. आत बसून ऐकायला छान वाटतं.

आज थर्मामीटर हातात दिलं. जिवलीने एकोणपन्नास स्वतः शोधला, मग पन्नास, मग खाली येत चाळीसपर्यंत सगळे वाचले. सरला म्हणाली, "उद्या शंभरापर्यंत." "एवढं गरम पाणी कोणाला पायजे?" जिवली म्हणाली.

२५ जानेवारी, गुरुवार

दमणच्या हॉटेलात उद्या झेंडावंदनाचा मोठा कार्यक्रम. नविनभाई सकाळी टेम्पो घेऊन आले. या वेळी मोजणी होईपर्यंत थांबतो म्हणाले आणि ओट्यावर मांडी घालून बसले.

पाणी जिवलीने पाहिलं. एकोणपन्नास म्हणाली, मी तपासलं, एकोणपन्नास होतं. बारा मिनिटं झाली. हेलिकोनियाच्या खोक्यात एकही नाही. मग जिंजरची पाच फुलं कागदावर झटकली. जिवलीने एक एक किडा काडीने बाजूला सारत मोठ्याने मोजला. सरला शेजारी बसून ऐकत होती. हात मांडीवर ठेवलेले, कोणी धरलेले नव्हते.

"चार," जिवली म्हणाली.

दीड महिन्याने आलेलं गिऱ्हाईक समोर बसलेलं. एकदा गरम पाण्यातून काढलेली जिंजर पुन्हा त्यात घालता येत नाही. एक क्षणभर, कबूल करतो, वाटलं की दुसरी पाच फुलं झटकून पाहावी. सरलाने मान वर केली, माझ्या श्वासावरून तिला कळलं असावं. "लिहा ना," म्हणाली.

नविनभाई पुढे सरकले. चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि कागदावर ओणवे झाले. सावकाश बोट फिरवत त्यांनी पुन्हा मोजलं.

"बेन, पाच आहे."

जिवलीने पाहिलं. "तो मेलेला हाय."

नविनभाईंनी त्याला काडी लावली. तो हलला नाही. त्यांनी आणखी एकदा लावून पाहिली.

"हां. मेलेला आहे."

"मेलेले मोजायचे नाय," जिवली म्हणाली. "बायने शिकवलंय."

सरला हसली. मी किती दिवसांनी तिला हसताना ऐकलं.

नविनभाईंनी हेलिकोनियाचे सगळे खोके नेले. जिंजर राहिली. पंधरवड्याने पुन्हा येतो, तोपर्यंत बुडवण्याआधी फुलं तासभर उलटी टांगून बघा, मुंग्या तरी आधीच उतरतील, असं जाता जाता सांगून गेले. राहिलेली जिंजर जिवली पाड्यावर घेऊन गेली, तिच्याकडे हळदी-कुंकू आहे.

जिवंत चार. मेलेला एक, तो धरला नाही.